वाचलेला वेळ कुणाचा?

गेल्या पावसाळ्यात आमच्या भागातील एका कुटुंब-मेळाव्यात एका नामवंत वक्त्यांचे व्याख्यान झाले. विषय होता ‘आजचे कुटुंब’. वक्ते अभ्यासू होते, वाणी ओघवती होती आणि सभागृह भरलेले होते. बोलता बोलता ते स्वयंपाकघरात शिरले. कुटुंबे मोडण्यास न्यायालयात नव्हे, तर गॅसच्या शेगडीपाशी सुरुवात होते, असे त्यांनी सांगितले. ज्या घरात आई चार तास चुलीपुढे बसत असे, त्या घरात प्रेम शिजत होते. ज्या घरात अर्ध्या तासात जेवण उरकले जाते, त्या घरात नातीही उरकली जातात, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. टाळ्यांचा कडकडाट झाला. मी व्यासपीठावर बसलो होतो, त्यामुळे टाळ्या वाजवणारे हात मला नीट दिसत होते. पुढच्या तीन रांगांतले बहुतेक हात पुरुषांचे होते. मागे, भिंतीला टेकून, कामावरून थेट मेळाव्याला आलेल्या काही स्त्रिया खांद्यावरची पिशवीही न उतरवता उभ्या होत्या. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत.

मी वाजवल्या. प्रस्तुत लेख त्या टाळ्यांचे प्रायश्चित्त आहे.

झटपट स्वयंपाक हा कुटुंबाचा शत्रू आहे, हे विधान मला आज मान्य नाही. ते अर्धवट माहितीवर उभे आहे, आणि त्याहून वाईट म्हणजे ते अन्यायकारक आहे. कारण त्यातील आरोपीच्या पिंजऱ्यात प्रत्येक वेळी एकच व्यक्ती उभी केली जाते. तथापि ‘झटपट’ हा शब्द विकणाऱ्या बाजारपेठेचाही मी वकील नाही. या दोघांशीही मला भांडायचे आहे. त्यासाठी मोठमोठ्या सिद्धांतांच्या मागे न लागता मी एकच पदार्थ समोर ठेवतो. त्याचे नाव बीफ स्ट्रोगानॉफ. मांसाच्या पातळ पट्ट्या, कांदा, अळंबी आणि आंबट मलई यांचा हा रशियन पदार्थ आज जगभर, विशेषतः अमेरिकेत, आठवड्यातल्या कामाच्या दिवशी रात्री अर्ध्या तासात करावयाचे जेवण म्हणून प्रसिद्ध आहे. माझे अज्ञान आणि माझे शहाणपण ही दोन्ही मला याच पदार्थाने दाखवून दिली.

काही वर्षांपूर्वी उन्हाळ्याचे तीन महिने मी अमेरिकेतील एका धर्मग्रामात बदली धर्मगुरू म्हणून काम केले. तेथील एका कुटुंबाने मला एका मंगळवारी संध्याकाळी जेवायला बोलावले. घरची बाई रुग्णालयात परिचारिका. ती सहा वाजता घरी आली, कामाचा पोशाख न बदलता हात धुऊन ओट्याशी उभी राहिली. तिने कढईत कांदा आणि खिमा परतला, अळंबीच्या सूपचा एक डबा उघडून त्यात ओतला, शेवटी आंबट मलई घातली. शेजारच्या भांड्यात नूडल्स उकळत होते. साडेसहाला आम्ही प्रार्थना करून जेवायला बसलो. पदार्थाचे नाव विचारले, तेव्हा ‘स्ट्रोगानॉफ’ असे उत्तर मिळाले.

मायदेशी परतल्यावर मी एका पत्रिकेत ‘डब्यातले प्रेम’ या मथळ्याखाली एक उपहासात्मक टिपण लिहिले. त्या मथळ्याचा मला फार अभिमान वाटला होता. जो समाज डबा उघडून जेवण करतो तो समाज आतून रिकामा झाला आहे, असा माझा निष्कर्ष होता. मात्र जे मी लिहिले नाही ते आज लिहितो. त्या टेबलापाशी पाच माणसे आणि एक पाहुणा असे आम्ही सुमारे तासभर बसलो होतो. बारा वर्षांच्या मुलाने गणितात आपण नापास झाल्याचे त्याच जेवणात, माझ्यासारख्या परक्या माणसासमोर, आईवडिलांना सांगितले. कुणी त्याच्यावर ओरडले नाही. ताटे बापाने मांडली होती, आणि भांडीही त्यानेच घासली. हे सारे मी डोळ्यांनी पाहिले होते. लिहिले नाही, कारण ते माझ्या निष्कर्षात बसत नव्हते. ज्या वक्त्यांविषयी मी आज तक्रार करीत आहे, त्यांच्या आधी कित्येक वर्षे तोच अपराध मी केला होता.

आता या पदार्थाचा इतिहास थोडा पाहू. कारण ‘पूर्वी सारे सावकाश आणि प्रेमाने होत असे’ ही समजूत तेथेच पहिल्यांदा ढासळते.

स्ट्रोगानोव्ह हे रशियातील एका अतिश्रीमंत घराण्याचे नाव. सोळाव्या शतकात उत्तरेकडील सोल्विचेगोद्स्क येथे मिठाच्या व्यापारावर या घराण्याने आपले वैभव उभे केले. सायबेरियावर चालून गेलेल्या येर्माकच्या मोहिमेला द्रव्यबळ पुरवले ते याच घराण्याने. ख्रिस्ती कलेच्या अभ्यासकांना त्यांचे नाव आणखी एका कारणाने ठाऊक असते. लहान आकाराच्या, अतिशय नाजूक कारागिरीच्या पवित्र प्रतिमांची एक चित्रशैली ‘स्ट्रोगानोव्ह शैली’ म्हणूनच ओळखली जाते. पीटर्सबर्ग शहरात नेव्हस्की मार्गावर रास्त्रेल्ली या वास्तुशिल्पकाराने अठराव्या शतकाच्या मध्यास बांधलेला त्यांचा प्रासाद आजही उभा आहे. अशा घराण्याच्या नावाने हा पदार्थ ओळखला जातो.

१८९१ साली एका फ्रेंच आचाऱ्याने एका स्पर्धेत हा पदार्थ प्रथम सादर केला, अशी एक कथा सांगितली जाते. ती टिकत नाही. कारण येलेना मोलोखोवेत्स या रशियन लेखिकेच्या पाकशास्त्रावरील ग्रंथाच्या १८७१ च्या आवृत्तीत ही कृती आहे. तिच्यात ना कांदा, ना अळंबी. कोवळ्या मांसाचे लहान चौकोनी तुकडे, लोणी, मीठ, कबाबचिनीसारखी दिसणारी ऑलस्पाइस ही मिरी, थोडे पीठ, मांसाचे सूप, मोहरी आणि शेवटी जेमतेम दोन चमचे आंबट मलई, एवढाच संभार आहे. मोहरीही साधीसुधी नव्हे, तर व्होल्गाकाठच्या सारेप्ता गावची. हे गाव १७६५ साली जर्मनीहून आलेल्या मोरेव्हियन पंथाच्या ख्रिस्ती बांधवांनी वसवले, आणि पुढे ते मोहरीसाठी नावाजले. कांदा व टोमॅटो हे विसाव्या शतकाच्या आरंभीच्या रशियन कृतींत दिसू लागतात, आणि सोबत तळलेल्या बटाट्याच्या काड्या येतात. अळंबी आणि नूडल्स यांचे माहात्म्य नंतरचे.

या जुन्या कृतीत लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की पदार्थ मुळातच झटपट आहे. मांस विस्तवावर असते ते काही मिनिटे. तासन्‌तास शिजत ठेवण्याचा हा प्रकारच नाही. तसे केले तर मांस चामड्यासारखे होते. म्हणजे ज्या पदार्थाला आपण आधुनिक घाईचे अपत्य समजतो, तो दीडशे वर्षांपूर्वीही घाईचाच होता. मात्र त्या कृतीत मांसाला मीठ व मिरी लावण्याचे काम दोन तास आधी करावयास सांगितले आहे. ते दोन तास कुणाचे होते? मांसाचा योग्य भाग निवडून आणणे, त्यावरील पांढरा पापुद्रा सोलणे, सूपसाठी हाडे उकळणे, लोणी घुसळणे, विस्तव पेटता ठेवणे, हे कुणी केले? काउंटने नव्हे, आणि काउंटच्या पत्नीनेही नव्हे.

मोलोखोवेत्सबाईंचा हा ग्रंथ प्रथम प्रसिद्ध झाला तो १८६१ साली. रशियातील भूदासांची मुक्तता झाली तीही त्याच वर्षी. त्यापूर्वी स्ट्रोगानोव्हांसारख्या घराण्यांच्या जमिनींवर हजारो भूदास राबत होते. त्या ग्रंथात घरच्या माणसांच्या जेवणाबरोबर नोकरांच्या जेवणाचीही वेगळी व्यवस्था सांगितली आहे. मलईचा पदार्थ रांधणारे हात तो पदार्थ खाणार नाहीत, हे तेथे गृहीतच आहे. रशियन ऑर्थोडॉक्स परंपरेप्रमाणे बुधवारी आणि शुक्रवारी मांस व दूध दोन्ही वर्ज्य असल्यामुळे त्या दिवशी उपवास पाळणाऱ्या श्रीमंताच्या घरातही स्ट्रोगानॉफ होत नसे, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. धर्माने धन्याच्या जिभेला आठवड्यातून दोन दिवस विश्रांती दिली. स्वयंपाकिणीच्या हातांना मात्र त्या दिवशीही विश्रांती नव्हती, कारण उपवासाचेही पदार्थ रांधावेच लागत.

तात्पर्य असे, की स्वयंपाकात वेळ वाचत नाही. तो एकाच्या खांद्यावरून उतरतो आणि दुसऱ्याच्या खांद्यावर चढतो. काउंटच्या दहा मिनिटांच्या पदार्थामागे दुसऱ्या कुणाचे तरी दोन तास होते. ‘जेवायला किती वेळ लागला?’ हा प्रश्नच मुळी चुकीचा आहे. ‘कुणाचा वेळ लागला?’ असे विचारले पाहिजे.

हाच प्रश्न घेऊन अमेरिकेतील डब्यापाशी जाऊ. १९१७ च्या क्रांतीनंतर देशोधडीला लागलेल्या रशियनांनी हा पदार्थ पॅरिस, हार्बिन, शांघाय आणि अमेरिका येथे नेला. अमेरिकेत कॅम्पबेल कंपनीचे अळंबीचे दाट सूप १९३४ साली बाजारात आले होते. दुसऱ्या महायुद्धानंतर या दोहोंची गाठ पडली. अळंबी चिरणे, परतणे, पिठाचा रस्सा करणे ही कामे कारखान्यात गेली. अंडरकटच्या जागी खिमा आला. म्हणजे मांस कोवळे करण्याचे काम यंत्राने पत्करले. १९६० साली पेग ब्रॅकन नावाच्या जाहिरात-व्यवसायातील एका बाईने स्वयंपाकाचा तिटकारा असलेल्यांसाठी एक पाककृतींचे पुस्तक लिहिले. त्याच्या शीर्षकातच तो तिटकारा स्पष्ट शब्दांत मांडलेला आहे. त्या पुस्तकात खिमा, नूडल्स, डब्यातली अळंबी आणि डब्यातले सूप यांचे एक स्ट्रोगानॉफ आहे, आणि दरिद्री वस्तीच्या नावावरून तिने त्याचे थट्टेखोर बारसे केले आहे. पुस्तकाच्या तीस लाखांहून अधिक प्रती खपल्या.

आपले धर्मोपदेशक आणि समाजचिंतक या आकड्याकडे पाहून म्हणतील, ‘पाहा, केवढा हा ऱ्हास!’ मी म्हणतो, जरा थांबा. तीस लाख प्रती विकत घेणाऱ्या स्त्रिया आपल्या नवऱ्यामुलांचा तिटकारा करीत नव्हत्या. आठवड्याचे सातही दिवस, दिवसातून तीन वेळा, एकटीने आणि कुणाच्याही कृतज्ञतेविना रांधण्याचा त्यांना कंटाळा आला होता. तो कंटाळा मोठ्याने बोलून दाखवण्याची सोय तोवर नव्हती. कंटाळा हे पाप नव्हे. दुसऱ्याला कंटाळा येऊच नये, असा आग्रह धरणे हे पापाच्या अधिक जवळचे आहे.

तरीही मी डब्याचा भक्त नाही, आणि त्याचे कारण सांगितलेच पाहिजे. डबा वेळ देतो, पण त्याच्या मोबदल्यात ज्ञान काढून घेतो. ज्या घरात दोन पिढ्या डबाच उघडला गेला, तेथील तिसऱ्या पिढीला अळंबी परतली की आधी पाणी सुटते आणि मग ते आटते, हेही ठाऊक राहत नाही. मग डब्याशिवाय गत्यंतर उरत नाही. आज आपल्या शहरांत काही मिनिटांत घरपोच जेवण आणून देणारी सेवा आहे. तेथेही तोच हिशेब करून पाहावा. आपली वाचलेली मिनिटे पावसात दुचाकी हाकणाऱ्या एका तरुणाच्या पाठीवरील चौकोनी पिशवीत असतात. ही सेवा कुणी कधी वापरूच नये, असे मी म्हणत नाही. ती मिनिटे फुकट मिळाली, असे मात्र कुणी म्हणू नये.

‘पण फादर, आपल्या परंपरेचे काय?’ असे कुणी विचारील. परंपरेचाच दाखला देतो. उत्तर कोकणातील आपल्या ख्रिस्ती घरांतून बाटली मसाला होतो. एप्रिल-मे महिन्यांत मिरच्या आणि वीस-पंचवीस जिन्नस उन्हात वाळवून, भाजून, कुटून, गडद रंगाच्या बाटल्यांत ठासून भरून ठेवायचे आणि वर्षभर वापरायचे. ही परंपरा नसून काय आहे? आणि ही झटपट स्वयंपाकाची व्यवस्था नसून तरी काय आहे? आपल्या आज्या-पणज्यांना वेळेचे मोल कळत होते; म्हणूनच त्यांनी उन्हाळ्याचा वेळ बाटलीत भरून पावसाळ्यासाठी ठेवला. परंतु येथेही प्रश्न तोच. माझ्या लहानपणी आमच्या अंगणात मसाला कुटायला बाया येत. डोळे आणि हात यांची आग होत असतानाही त्यांची मुसळे एका लयीत पडत. आम्ही मुले दूर पळून जात असू. त्या बायांची नावे आज मला आठवत नाहीत; मसाल्याचा वास मात्र आठवतो. ‘आईच्या हातची चव’ म्हणून ज्या चवीचे आपण गोडवे गातो, तिच्यात या निनावी हातांचाही वाटा होता.

आता मेळाव्यातील त्या भिंतीशी उभ्या असलेल्या स्त्रियांकडे येऊ. व्याख्यान संपल्यावर त्यांपैकी एक माझ्यापाशी आली. ती चर्चगेटजवळ एका कार्यालयात काम करते. जायला दीड तास, यायला दीड तास. ती रागावली नव्हती, दमली होती. म्हणाली, ‘फादर, चार तास चुलीपुढे बसायला मला आवडेल. तुमच्या त्या सरांना विचारा, चार तास कुठून आणू? लोकलचे तीन तास मला परत देता येतील का?’ विरार गाडीच्या महिलांच्या डब्यात मटार सोलणाऱ्या, मेथी निवडणाऱ्या स्त्रिया आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. त्यांच्याकडे आपण कौतुकाने पाहतो. मला आता त्या दृश्याची लाज वाटते. प्रवास करतानाही जिला स्वयंपाकघर सोडत नाही, तिला ‘तू घाई करतेस’ असे सांगायचे धाडस आपल्याला होते तरी कसे?

त्या रात्री मी माझा स्वतःचा हिशेब मांडला. गुरुविद्यालयात तत्त्वज्ञान शिकलो, ईश्वरविज्ञान शिकलो. भात शिजवायला शिकलो नाही. धर्मगुरू म्हणून पंचवीस वर्षे वाढलेल्या ताटावर बसलो आणि त्याच तोंडाने कुटुंबाच्या जेवणावर प्रवचने दिली. म्हणून मी ठरवले, की आमच्या धर्मगुरुनिवासात स्वयंपाक करणाऱ्या बाईंना मंगळवारी संध्याकाळी सुट्टी द्यायची, आणि मी रांधायचे. ज्या पदार्थाची मी टर उडवली होती तोच करून पाहायचा. पहिल्या मंगळवारी माझे साहाय्यक फादर मोठ्या नम्रतेने जेवले. दुसऱ्या मंगळवारी त्यांना अचानक एक आजारी भेट आठवली. पाचव्या मंगळवारपासून ते पुन्हा वाढून घेऊ लागले. तेव्हा आता चार शब्द अधिकाराने लिहितो.

मांसाविषयी आधी एक खुलासा. महाराष्ट्रात २०१५ साली झालेल्या कायद्यातील दुरुस्तीनंतर गाईबरोबरच बैल व वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. म्हशीचे मांस त्या बंदीबाहेर राहिले. तेव्हा आपल्याकडे हा पदार्थ म्हशीच्या मांसाचाच होतो. जे हे मांस खात नाहीत त्यांच्या भावनेचा मला आदर आहे. त्यांनी नुसत्या अळंबीचे करावे, युक्तिवाद बदलत नाही.

चार माणसांसाठी अर्धा किलो अंडरकट घ्यावे. अंडरकट म्हणजे कण्याच्या आतील बाजूचा लांबट स्नायू. जनावराच्या हालचालीत त्याला फारसे श्रम पडत नाहीत, म्हणून तो कोवळा. पायाचे मांस आयुष्यभर राबलेले; ते मऊ व्हायला तास लागतात. हा भेद ध्यानात घ्यावा, कारण त्यात झटपटपणाचे अर्थशास्त्र आहे. अंडरकट जनावरात थोडे असते, म्हणून ते महाग. ज्याच्या खिशात पैसे आहेत तो कसायाच्या दुकानातच वेळ विकत घेतो; ज्याच्या खिशात नाहीत त्याला तो घरी मोजावा लागतो. ज्यांना अंडरकट परवडत नाही त्यांनी साधे मांस कुकरमध्ये मऊ करून घ्यावे आणि पुढची कृती तशीच करावी. तो पदार्थ थोडा वेगळा होईल, पण प्रामाणिक असेल.

मांस वीस मिनिटे बर्फाच्या कप्प्यात ठेवले की घट्ट होते आणि सुरी सरळ चालते. धाग्याच्या आडवे, करंगळीएवढ्या जाडीच्या पट्ट्यांत कापावे. धाग्याच्या दिशेने कापले तर लांब तंतू चावत बसावे लागतात. पट्ट्या फडक्याने कोरड्या कराव्यात, मीठ-मिरी लावावी. कढई चांगली तापू द्यावी, आणि मांस तीन-चार खेपांत, थोडे थोडे टाकावे. येथेच माझ्या पहिल्या मंगळवारचा नाश झाला. घाईने सारे मांस मी एकदम ओतले. त्याला पाणी सुटले, कढई थंड पडली, आणि जे परतायचे ते उकळत बसले. पाणी असेपर्यंत आच शंभर अंशांपुढे चढत नाही, आणि मांसावर तांबूस रंग धरायला त्याहून पुष्कळ अधिक आच लागते. घाई आणि झटपट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला त्या राखाडी मांसाने शिकवले. प्रत्येक खेपेस दीड-दोन मिनिटे पुरतात. मांस ताटलीत काढून ठेवावे.

त्याच कढईत लोणी घालून दोन कांदे उभे चिरून परतावेत, पाव किलो बटण अळंबी टाकावी, सुटलेले पाणी आटू द्यावे. एक चमचा मैदा भुरभुरून, कपभर सूप ओतावे आणि तळाशी धरलेला तांबूस अंश खरवडून घ्यावा. पदार्थाची अर्धी चव त्यात असते. बाटलीत मिळणारी तयार मोहरी एक लहान चमचा घालावी. रशियन आंबट मलई आपल्याकडे सहज मिळत नाही. नुसते दही घातले तर फुटते. त्याऐवजी श्रीखंडाला करतो तसा चक्का पाऊण वाटी घ्यावा, त्यात दोन चमचे साय घालून घोटावा, मग कढईतील दोन पळ्या गरम रस्सा त्यात मिसळावा आणि शेवटी आच बंद करून हे मिश्रण कढईत ओतावे. मांस त्यातील रसासह परत घालावे. पुन्हा उकळी आणू नये. भाताबरोबर, नूडल्सबरोबर किंवा पावाबरोबर वाढावे.

मांस गार होते तेवढ्यात कांदे आणि अळंबी चिरून होतात; शेगडी पेटवल्यापासून ताटापर्यंत मला पस्तीस मिनिटे लागतात. एकटा असताना मात्र पन्नास लागत होती. फरक पडला तो साहाय्यक फादर कांदे चिरू लागल्यापासून. माझा सारा युक्तिवाद या पंधरा मिनिटांत आहे. ती डब्यातून आली नाहीत, अंगणात कुटणाऱ्या निनावी बाईकडून आली नाहीत. दुसऱ्या एका जेवणाऱ्या माणसाने आपले हात ओले केले, म्हणून ती आली. झटपट स्वयंपाकाचा हा एकच प्रकार मला निर्मळ वाटतो. जे जेवणार आहेत त्यांनीच वेळ वाटून घेतला, की तो कुणाच्याही खांद्यावर जड होत नाही.

‘पुरुषांना हे जमत नाही’ हा आक्षेप मी विचारात घेत नाही. जहाजांवर आणि हॉटेलांत रांधून आपल्या समाजातील कितीतरी पुरुषांनी कुटुंबे पोसली. पगार मिळत असेल तर पुरुषाला स्वयंपाक जमतो. घरी मात्र त्याचे हात एकाएकी अवघडतात, हे गूढ माझ्या ईश्वरविज्ञानाला उकलत नाही.

आणि मार्थेचा दाखला देणाऱ्यांना एवढेच सांगतो. त्या कथेवर मी कितीतरी प्रवचने दिली आणि प्रत्येक वेळी मार्थेची धावपळ हा दोष ठरवला. मूळ वृत्तान्त पुन्हा वाचावा. मार्थेची तक्रार काम आहे अशी नव्हती, ते आपल्या एकटीवर टाकले गेले अशी होती. त्या ‘एकटी’ शब्दावरून आम्ही प्रवचनकार वर्षानुवर्षे घाईघाईने पुढे गेलो. खरी घाई ती होती.

तेव्हा वक्त्यांना आणि टाळ्या वाजवणाऱ्यांना माझे जाहीर आवाहन आहे. स्त्रीने स्वयंपाकाला किती वेळ द्यावा, यावर व्याख्यान देण्यापूर्वी स्वतः आठवड्यातील कामाच्या एका दिवशी, लोकलने प्रवास करून आल्यावर, घरच्यांसाठी एक संपूर्ण जेवण करून पाहावे, भांडी घासण्यासह. सलग तीन महिने करावे. त्यानंतरही कुटुंबे झटपट स्वयंपाकाने मोडतात असे वाटले, तर मी त्यांना पुन्हा व्यासपीठ देईन आणि मागे भिंतीशी उभा राहून ऐकेन.

आमच्या धर्मग्रामाचा पुढील कुटुंब-मेळावा पावसाळा संपल्यावर भरेल. त्या दिवशीचे जेवण पुरुष करतील, असे मी धर्मग्राम समितीत मंजूर करून घेतले आहे. पदार्थ ठरला आहे. अंडरकट मी स्वतः निवडून आणीन. कांदे चिरण्यासाठी चाळीस माणसे लागतील. आजपावेतो अकरा नावे आली आहेत. उरलेल्यांनी आपली नावे धर्मग्राम कार्यालयात, आपल्या पत्नीच्या हस्ते नव्हे, तर स्वतः येऊन नोंदवावीत.